न वितळता जडणारा लेप

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावताना तुम्ही कदाचित पाहिले असेल. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यात नवसागर टाकतो आणि मग कथील लावून ते कापसाच्या बोळ्याने सर्वत्र पसरवतो. या साध्या कृतीत विलेपनाची दोन तत्त्वे दडलेली आहेत. धातूवर धातू जडवायचा असेल, तर पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा असता कामा नये. तो नवसागर दूर करतो. शिवाय दोन्ही धातूंचा अगदी निकट स्पर्श व्हावा लागतो. त्यासाठी कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळून वाहते.

परंतु ज्या वस्तूला आच सोसतच नाही, तिच्यावर धातूचा लेप कसा द्यावा? या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षितपणे हाती आले. १९८० च्या दशकाच्या मध्यास सायबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी वातविवरात प्रयोग करीत होते. धातूचे सूक्ष्म कण मिसळलेला स्वनातीत वायुप्रवाह एखाद्या वस्तूवर आदळला की काय होते, हे त्यांना पाहायचे होते. कणांच्या माऱ्याने वस्तू झिजते, हे सर्वांना ठाऊकच होते. मात्र वेग एका विशिष्ट मर्यादेपलीकडे जाताच झीज थांबली आणि कण वस्तूवर चिकटून त्यांचा थर साचू लागला. या पद्धतीला पुढे ‘शीत फवारणी’ असे नाव मिळाले आणि १९९४ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट देण्यात आले.

या पद्धतीत उच्च दाबाचा नायट्रोजन किंवा हेलियम वायू मध्ये अरुंद व पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीतून सोडतात. अरुंद गळ्यापाशी वायूला ध्वनीचा वेग येतो आणि पुढे प्रसरण पावताना तो त्याहूनही वेगवान होतो. धातूचे चूर्ण या झोतात मिसळलेले असते. त्याचे कण साधारणतः ५ ते ५० मायक्रोमीटर आकाराचे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बारीक असतात. वायू आधी काही शे अंशांपर्यंत तापवतात. मग ही फवारणी ‘शीत’ कशी, अशी शंका कोणी घेईल. वायू तापवण्याचा मुख्य हेतू त्याचा वेग वाढवणे हा असतो. प्रसरणामुळे तो पुन्हा निवतो आणि कण आपल्या द्रवणांकाच्या खालीच राहतात.

तांब्याचे कण चिकटण्यासाठी त्यांना सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेग लागतो. या वेगाने जाणाऱ्या एक किलोग्रॅम तांब्याची गतिज ऊर्जा सव्वा लाख जूल भरते. तेवढेच तांबे सामान्य तापमानापासून वितळवण्यास सहा लाख जूलांहून अधिक ऊर्जा लागते. तेव्हा संपूर्ण कण वितळणे शक्यच नाही. पण आघाताची ऊर्जा क्षणार्धात संपर्काच्या पातळ थरात एकवटते. तेथील धातू तापून मऊ होतो, कडेने बाहेर फेकला जातो आणि जाताना ऑक्साइडचा पापुद्राही फोडून नेतो. कल्हईतील नवसागराचे काम येथे आघातच करतो! अमेरिकेत हेलिकॉप्टरमधील मॅग्नेशियमची गंजलेली दंतचक्रपेटी या पद्धतीने दुरुस्त केली जाते. उष्णतेने तो नाजूक भाग बिघडत नाही. भारतात हैदराबाद येथील एआरसीआय या संस्थेत या तंत्रावर संशोधन झाले आहे.

धातू आणि बहुवारिक यांची गाठ घालणे मात्र अधिक बिकट आहे. बोइंग ७८७ या विमानाच्या सांगाड्याचे सुमारे निम्मे वजन संमिश्र पदार्थांचे आहे. त्यांत कार्बनचे तंतू राळेत बसवलेले असतात. वीज कोसळली तर ॲल्युमिनियमचे कवच तिचा प्रवाह सहज वाहून नेते. राळेला ते जमत नाही. म्हणून अशा कवचात तांब्याची बारीक जाळी बसवावी लागते. जाळीऐवजी धातू थेट फवारता आला तर काम सोपे होईल, असा संशोधकांचा विचार आहे.

अडचण अशी की बहुवारिकाशी धातूचा धातूसारखा बंध जुळत नाही. कण त्यात रुतून अडकावा लागतो. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी आधी छिन्नीने खाचा पाडतो, त्यातलाच हा प्रकार. उष्मामृदू प्लॅस्टिक आघाताने मऊ होऊन कणाला आत घेते. उष्मादृढ राळ मऊ होत नाही. तिचे कपचे उडतात आणि तंतू उघडे पडतात. कणांचा पहिला थर कसाबसा बसलाच, तरी दुसऱ्या थराला धातूवर जडण्यासाठी अधिक वेग हवा असतो, आणि तो वेग पहिलाच थर उखडून टाकतो.

यावर प्रयोगशाळांनी शोधलेला एक उपाय म्हणजे आपले कथीलच. ते मऊ असते आणि लवकर वितळते. मंद वेगातही राळेच्या बारीक खाचांत शिरून बसते. त्या थरावर मग इतर धातू देता येतो. उलट दिशेने, म्हणजे बहुवारिकाचे चूर्ण धातूवर फवारण्याचे प्रयत्नही झाले आहेत. त्यासाठी वेग बराच कमी ठेवावा लागतो, आणि कण रबरासारखे उसळून परत फिरत असल्याने पुष्कळसे चूर्ण वाया जाते. विमानांत तूर्त तरी तांब्याची जाळीच विजेचा भार वाहते आहे.