एकटीचा प्रवास : कल्याण ते श्रीलंका

कल्याणात १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी पतीविना कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या आणि त्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी आपल्या निर्णयाची कारणे समाजासमोर मांडली. असा खुलासा आजच्या स्त्रीकडे कोणी मागू नये. डोंबिवली-ठाण्याच्या लोकलमधील गर्दी रोज पेलणारी स्त्री श्रीलंकेसारख्या उष्णकटिबंधीय, म्हणजे विषुववृत्तालगतच्या उष्ण पट्ट्यातील, द्वीपराष्ट्रात एकटी जाते, तेव्हा तिला धैर्यापेक्षा माहितीची गरज अधिक असते.

तेथील सुरक्षिततेचा पहिला प्रश्न ऋतूचा आहे, कारण मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे दक्षिणेकडील गॉल, मिरिस्सा येथील समुद्र खवळलेला असतो, तर पूर्वेकडील त्रिंकोमालीचा किनारा त्याच महिन्यांत तुलनेने शांत राहतो. रिक्षाला तेथे टुकटुक म्हणतात. मीटर नसल्यास भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे आणि शक्यतो अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा. बौद्ध मंदिरांत खांदे व गुडघे झाकलेले असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अवमानकारक मानले जाते. पोलिसांसाठी ११९, रुग्णवाहिकेसाठी १९९० आणि महिला मदतवाहिनीसाठी १९३८ हे क्रमांक मोबाइलबरोबरच कागदावरही लिहून ठेवावेत.