कणसाच्या केसांचं गुपित

कणीस सोलताना हाताला चिकटणाऱ्या रेशमी केसांचं तुम्ही काय करता? फेकून देता ना? मीही तेच करायची. पण या केसांनीच एकदा आमची फजिती केली!

शाळेच्या कुंपणालगत आम्ही स्वीट कॉर्नची, म्हणजे मधुमक्याची, एकच लांब ओळ लावली होती. खत, पाणी, खुरपणी सगळं मुलांनीच केलं. कणसं सोलली तर काय, आजोबांच्या बोळक्यासारखी! इथे दोन दाणे, तिथे चार. चौथीतली एक मुलगी रडवेली झाली. "बाई, आम्ही पाणी कमी घातलं का?"

नव्हतं हो कमी घातलं. चूक माझी होती. मक्याच्या शेंड्याचा तुरा म्हणजे नरफुलं. कणसाचा एकेक केस आतल्या एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. तुऱ्यातले परागकण वाऱ्याने उडून त्या केसावर पडले, तरच तो दाणा भरतो. एकाच ओळीतले बरेचसे पराग वारा भलतीकडेच नेतो!

म्हणून यंदा परसात चौकोन आखा. निदान चार ओळी, दोन ओळींत दोन फूट अंतर, दोन रोपांत वीतभर. भरपूर शेणखत घालून बी एक पेर खोल टोचा. बी सुरकुतलेलं दिसेल, घाबरू नका, मधुमक्याचं तसंच असतं. त्याला बहुधा रंगीत औषध चोळलेलं असतं, तेव्हा हात साबणाने धुवा. पोंगा अधूनमधून तपासा. २०१८ साली आपल्या देशात शिरलेली लष्करी अळी तिथेच लपते. तुरे आले की सकाळी ताटं हलकेच हलवा. मात्र शेजारी साधा मका त्याच वेळी फुलला, तर त्याच्या परागाने दाणे पिठूळ होतात.

केस दिसल्यापासून साधारण २० दिवसांनी ते तपकिरी होऊन सुकतात. मग एक दाणा नखाने दाबा. पाणी आलं तर थांबा, दूध आलं तर तोडा. पीठ लागलं, तर उशीर झाला! तोडल्याक्षणापासून साखरेचं पिष्ट होऊ लागतं, म्हणून आधी आईला गॅसवर पाणी ठेवायला सांगा, मगच कणसाला हात लावा.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही चौकोनच लावला. ती मुलगी तोवर पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली होती. तिच्यासाठी दोन कणसं आम्ही ताटावरच राखली आणि संध्याकाळी ती आल्यावर तिच्याच हाताने तोडली. दाणे अगदी टोकापर्यंत भरलेले होते.