पोकेमॉनचे डावपेच, भाग ५ : सलामीची जोडी

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेमच्या अधिकृत स्पर्धा दुहेरी लढतीच्या असतात. खेळाडूच्या संघात सहा पोकेमॉन. त्यांतले चारच लढतीत उतरतात आणि चारांतले दोन सलामीला येतात. आधी दोघांनाही एकमेकांचे सहाही पोकेमॉन पडद्यावर दिसतात आणि निवडीसाठी दीड मिनिट मिळते. सहांतून सलामीच्या १५ जोड्या होतात. मागच्या दोघांचा हिशेब धरला तर पर्याय ९० होतात.

संघ आधी दिसण्याची ही सोय २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या खेळांपासून आली. त्याआधी सलामी आंधळी असे. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या आधीच्या खेळांच्या काळात इंटरनेटवरच्या एकेरी लढतींत सलामीसाठीच वाढवलेले पोकेमॉन असत. अझेल्फ येताच स्टेल्थ रॉकचे टोकदार दगड पेरून ठेवी. त्याला रोखायला मशॅम्पसारखे सलामीमारू पुढे आले. तिथे अंदाज समोरच्या माणसाचा नव्हताच, त्या दिवसांत काय चालते याचा होता.

संघ दिसू लागल्यावर अंदाजाला आधार मिळाला. ९० पर्याय तपासावे लागत नाहीत, कारण पोकेमॉन जोडीनेच निवडलेले असतात. टॉर्कोल कडक ऊन पाडतो आणि उन्हात व्हीनसॉरचा वेग दुप्पट होतो, म्हणून हे दोघे एका संघात दिसले की बेत उघडच असतो. इन्सिनरोअरचा फेक आउट समोरच्या एकाची चाल वाया घालवतो, पण मैदानात आल्यावरच्या पहिल्या फेरीतच. म्हणून त्याच्या जोडीला बहुधा वेगाचा क्रम बदलणारे टेलविंड किंवा ट्रिक रूम लावणारा येतो. एवढे पाहिले तरी १५ जोड्यांतल्या तीन-चारच उरतात.

त्या तीन-चारांतली कोणती, हे मात्र समोरच्या संघाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी आपलाच संघ त्याच्या नजरेने पाहावा लागतो. बहुतेक नवखे इथेच चुकतात. समजा, आपल्याकडे टॉर्कोल आहे आणि समोर पाऊस पाडणारा पेलिपर. दोघे एकदम उतरले तर संथ असलेल्याचे हवामान नंतर लागू होते आणि तेच टिकते. टॉर्कोलचा मूळ वेग २०, पेलिपरचा ६५; म्हणजे ऊनच राहणार. हे ठाऊक असलेला खेळाडू पेलिपर मागे ठेवतो आणि पुढे अदलाबदलीने आणून ऊन घालवतो. पण मग टॉर्कोललाही पहिल्यांदा उतरण्यात अर्थ उरत नाही. दोन्ही हवामानवाले मागे आणि पुढे भलतीच जोडी, असे दृश्य अशा लढतींत वारंवार दिसते.

इथून ‘मी काय ओळखले हे त्याने ओळखले’ अशी साखळी सुरू होते आणि तिला शेवट नाही. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असलेल्या खेळांत चाली ठरावीक प्रमाणात मिसळल्या तर समोरच्याला त्यांचा फायदा उठवता येत नाही, याचा पाया जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये घातला. दीड मिनिटात कोणी प्रमाणे काढत बसत नाही. एकाच जोडीला चिरडणारी, पण इतरांपुढे कोसळणारी सलामी टाळावी, हा त्यातला व्यवहारी भाग.

ट्रिक रूमविरुद्धची सलामी हे त्याचे चांगले उदाहरण. ट्रिक रूममुळे पाच फेऱ्या संथ पोकेमॉन आधी चालतात, पण ही चाल स्वतः फेरीत सगळ्यांत शेवटी लागते. तोवर फेक आउट किंवा हल्ल्याखेरीजच्या चाली बंद पाडणाऱ्या टाँटने ती रोखता येते. समोर फारिगिराफ असेल तर हे गणित बिघडते: त्याच्या अंगच्या गुणामुळे तो आणि त्याचा जोडीदार फेक आउटपासून सुरक्षित राहतात. टाँट तेवढा चालतो. तोच सलामीत ठेवावा, शिवाय ट्रिक रूम आलाच नाही तरी तो वाया जात नाही.

तीन डावांच्या लढतीत पहिल्या डावातली सलामी पुढच्या डावांसाठी पुरावा ठरते. हरलेला जोडी बदलणारच, असे मानणारे बरेच फसतात. पराभव सलामीमुळे झाला की नंतरच्या चुकीमुळे, हे आधी पाहावे. २०२३ च्या हंगामापासून अधिकृत स्पर्धांत समोरच्याच्या चाली आणि वस्तूही आधीच कळू लागल्या. झाकून राहिली ती आकडेवारी, आणि तिच्यातला वेगही पहिल्या डावात कोण कोणाआधी चालला यावरून बराचसा उघड होतो.