आडनाव मराठी, धर्म ख्रिस्ती : काही नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

इंजिनिअरिंगला आल्यापासून एक प्रश्न मला निदान पन्नास जणांनी तरी विचारलाय. "अरे, तू ख्रिश्चन? पण तुझं आडनाव तर आमच्यासारखंच आहे!" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. हिंदी सिनेमातला ख्रिश्चन म्हणजे हातात गिटार आणि तोंडात "काय मॅन". आमच्या घरी गिटार नाही, पेटी आणि तबला आहे. म्हटलं, मॅगझिनच्या मराठी विभागात दोन पानं मिळतायत, तर सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच देऊन टाकावीत.

तुम्ही गोव्याचे का?

नाही हो. आम्ही नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. बाबा एमआयडीसीत नोकरीला लागले म्हणून अंबरनाथला आले आणि आम्ही आनंदनगरच्या बाजूला राहिलो. इथे एमआयडीसी आणि ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे सगळ्या देशातली माणसं जमली आहेत, त्यामुळे ख्रिश्चनांचेही नाना प्रकार बघायला मिळतात. आमच्या वर्गातच बघा. एक मित्र मल्याळी. त्याच्याकडची परंपरा सांगते की इसवी सन ५२ मध्ये संत थॉमस केरळात आला. दुसरा वसईचा. त्यांच्याकडे पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात, ख्रिस्ती धर्म आला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तरी तिथली माणसं ख्रिस्तीच राहिली. तो घरी सामवेदी बोलतो, आडनाव मात्र पोर्तुगीज. आणि तिसरा मी. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, त्यानंतरच्या काळातलं आमचं घराणं. तिघांचं चर्च वेगळं, उपासनेची भाषा वेगळी. हजेरीपटावर तिघंही 'ख्रिश्चन'!

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चनांची संख्या १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरात एकसुद्धा पूर्ण नाही. साठ जणांच्या वर्गात आम्ही तिघं आहोत, तेव्हा आमचा वर्ग तसा श्रीमंतच म्हणायचा.

मग प्रार्थना इंग्लिशमध्ये करता का?

मराठीत करतो. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीबद्ध मराठीत. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ ची. मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनं रचली, ती आम्ही दर रविवारी 'उपासना संगीत' या पुस्तकातून म्हणतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर मराठी आत्मचरित्रांत वरच्या रांगेत आहेत. आणि २०२० साली उस्मानाबादला (आताचं धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. नाताळला आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे असतात. केकही असतो, पण तो बेकरीतून येतो.

पैसे घेऊन धर्म बदललात का?

हा प्रश्न थेट तोंडावर कमी येतो, पण पाठीमागे ऐकू येतो. म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडले. मिशनवाल्यांनी अन्न वाटलं, अनाथ मुलं सांभाळली, शाळा काढल्या. त्या वेळी भुकेपोटी कुणी चर्चच्या दारात गेलंच नसेल, असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याला कुणीतरी पाटी-पेन्सिल हातात दिली आणि शेजारी बसवलं, तर तो माणूस काय बघून तिकडे गेला हे एका शब्दात सांगता येत नाही. पोट होतं, मान होता, आणि श्रद्धाही होती. त्यातून शिकलेल्या पिढ्या उभ्या राहिल्या. १९४७ साली नगरला अहमदनगर कॉलेज सुरू करणारे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे हे मराठी ख्रिस्तीच होते.

आज चौथ्या पिढीतल्या मला "किती मिळाले?" विचारलं तर माझं उत्तर एकच. मिळाले असते तर बाबांनी माझ्या फीसाठी पतपेढीचं कर्ज कशाला काढलं असतं?

तुम्हाला तर मायनॉरिटी कोटा असेल!

कर्जाचा विषय निघालाच आहे तर हेही समजून घ्या, कारण ॲडमिशनच्या वेळी सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असतो. ख्रिश्चन हे अल्पसंख्याक आहेत, केंद्र सरकारने १९९३ साली तसं जाहीर केलं आहे. पण अल्पसंख्याक कोटा असतो तो अल्पसंख्याक संस्थांनी चालवलेल्या कॉलेजात. आपल्यासारख्या कॉलेजात त्या रकान्याचा ॲडमिशनला काही उपयोग नाही.

खरा फरक पडतो तो जातीच्या रकान्याने. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात अशी अट आहे की ठरावीक धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचं धरायचं. सुरुवातीला मुख्यतः हिंदू, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिश्चन आणि मुस्लिम नाहीत. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात.

आता आमच्याच घरातलं उदाहरण देतो. आजोबा ख्रिस्ती राहिले, त्यांच्या चुलतभावाने १९५६ नंतर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दोघांची घरं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. त्या आजोबांचा नातू आणि मी एकाच वर्षी इंजिनिअरिंगला लागलो. त्याची ट्यूशन फी पूर्ण माफ झाली, माझी निम्मी. त्याला मिळालं याचं मला जराही वाईट वाटत नाही, ते त्याच्या हक्काचंच आहे. पण गावाने दोघांच्या आजोबांना वागवताना धर्म विचारला नव्हता, एवढं मात्र मनात येतं.

याच्या विरोधात बोलणारे म्हणतात, ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीची सवलत कशी मागता? बायबलमध्ये जात नाही हे खरं. पण बायबल बदललं म्हणून शेजारी बदलत नाही, आणि खुद्द काही चर्चमध्येही जात पाळली गेली, हेही मान्य करायला हवं. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची अट काढावी असं सुचवलं होतं. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला. नियम मात्र अजून तोच आहे. एक बरं झालं, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी मुलींना राज्य सरकारने फी माफ केली. माझी धाकटी बहीण बारावीला आहे, तिच्या वेळी बाबांना पतपेढीत जावं लागणार नाही.

वर्कशॉपमधली पूजा

दसऱ्याच्या आधी वर्कशॉपमध्ये लेथ पुसून, हार घालून खंडेनवमीची पूजा होते. तेव्हा मी काय करतो, असं एका ज्युनिअरने विचारलं. मी लेथ पुसतो, तोरण बांधतो, आरतीच्या वेळी गप्प उभा राहतो. प्रसाद खायचा की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत. आजी खात नसे, बाबा खातात. वाद बायबलमध्येही आहे, संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात मूर्तीपुढच्या अन्नाचा विषय चांगला लांबवला आहे. माझ्या ग्रुपने यावर स्वतःच उपाय काढला. पेढ्यांचा एक बॉक्स पूजेत न ठेवता बाजूला ठेवतात आणि "हा तुझा" म्हणतात. तो बॉक्स माझ्याआधी तेच संपवतात, ही गोष्ट वेगळी!

एकत्र जमून काय करता?

एका सीनिअरला शंका होती की आमचं काहीतरी गुपचूप चालतं. तर ऐका. विद्यार्थ्यांचे ख्रिस्ती गट भारतात शंभर वर्षांपेक्षा जुने आहेत. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ ची, कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ १९२४ ची, यूईएसआय १९५४ ची. आम्ही पाच-सहा जण शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर अर्धा तास बसतो. एक गाणं, एक उतारा, आणि मग प्रार्थना. प्रार्थनेत नव्वद टक्के वेळा केटी आणि व्हायवा असतात. कुणीही येऊन बसावं. गेल्या सेमिस्टरला एक हिंदू मित्र एम-थ्रीच्या पेपरआधी येऊन बसला होता. तो पास झाला, मला केटी लागली. देवाघरी मायनॉरिटी कोटा नाही, हे तेव्हा कळलं.

शेवटी एक विनंती. सबमिशनची तारीख ठरवताना सी.आर. मंडळींनी २६ डिसेंबर टाळला तर बरं होईल. फाईल पूर्ण करत नाताळची रात्र काढणं जिवावर येतं. त्याबदली गणपतीतल्या सबमिशनच्या वेळी तुमच्या फाईलींच्या आकृत्या काढून द्यायला आम्ही तिघं तयार आहोत. आणि प्रश्न असतील तर विचारत जा. पाठीमागे बोलण्यापेक्षा कँटीनमध्ये समोर बसून विचारलेलं कधीही चांगलं, चहा माझ्याकडून.