स्टिकरखालची स्पॅगेटी

बंदर ते बाजार : लेखांक 6

मागच्या आठवड्यात ऑलिव्ह ऑइलचे डबे न्हावाशेव्यातून सोडवले. आज पास्ता.

घरात इटलीहून आलेलं अर्ध्या किलोचं स्पॅगेटीचं पाकीट असेल, तर ते उलटं करून पाहा. मागे आगपेटीएवढं पांढरं स्टिकर दिसेल, बहुधा थोडं तिरकं बसलेलं. काल आमच्याकडच्या पाकिटावरचं मी नखाने काढायला गेलो. स्टिकर जागचं हललं नाही; पाकीट फाटलं आणि निम्मी स्पॅगेटी ओट्यावर पसरली. “आधी जेवून घ्या, मग लिहा,” एवढंच घरातून ऐकू आलं.

स्टिकर निघालं नाही याचं श्रेय गोंदाला कमी आणि नियमाला जास्त. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, 2017 चे आयात नियम आहेत. लेबलावर काही मोजक्या गोष्टी राहून गेल्या असतील, तर त्या कस्टमच्या बॉन्डेड गोदामातच स्टिकर लावून भरून काढता येतात. पण स्टिकर एकच हवं आणि ते सुटणारं नको. त्यावर येतं काय? आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि चौदा आकडी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारीची खूण. वैधमापनशास्त्राच्या नियमांनी मागितलेली एमआरपीही याच तुकड्यात कोंबलेली असते, आणि पाकीट किलोच्या आतलं म्हणून दर ग्रॅममागची किंमतही. अडीचशे रुपयांचं पाकीट म्हणजे ग्रॅमला पन्नास पैसे. स्पॅगेटीचा भाव ग्रॅमवर विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

खरी मेख आहे ती स्टिकरवर जे येऊ शकत नाही त्यात. घटक पदार्थ, लॉट नंबर आणि तारखा मुळातच छापलेल्या हव्यात. यातली तारीख इटलीच्या कारखान्याला नडते. युरोपात सुक्या पास्त्यावर ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ एवढं आणि लॉट नंबर छापला की भागतं. माल कधी बनवला हे सांगायची सक्ती नाही. आपल्याकडे उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख लागते आणि मुदत संपण्याचीही. म्हणजे भारताची ऑर्डर आली की तिकडे पाकिटांवर शाई मारणाऱ्या यंत्रात एक जादा ओळ भरावी लागते. ती कोणी विसरलं, तर न्हावाशेव्यात बसून दुरुस्त करायची सोय नाही. उरणला क्लिअरिंगचं काम करणारा माझा एक मित्र म्हणतो, “पास्ता कधी सडत नाही रे, कागद सडतो.” कंटेनर यार्डात पडून राहतो, रोजचं भाडं चढत जातं आणि आत माल ठणठणीत असतो.

मालाच्या वयाबद्दल मात्र नियम मवाळ आहे. आयातीच्या वेळी मुदतीचा 60 टक्के काळ शिल्लक हवा किंवा मुदत संपायला तीन महिने तरी हवेत. यांतलं जे कमी असेल ते चालतं. तीन वर्षं टिकणाऱ्या स्पॅगेटीचे 60 टक्के म्हणजे जवळपास बावीस महिने. तेव्हा कायद्याला तीन महिन्यांवर समाधान आहे. दुकानदाराला नाही, तीन महिने उरलेला माल तो फळीवर मांडेल कशाला?

मग खूण. साध्या पास्त्यात रवा आणि पाणी, त्यामुळे हिरवा ठिपका. अंडं घातलेल्या तालियातेल्लेला आपल्याकडे तपकिरी त्रिकोण मिळतो, कारण या नियमात अंडं मांसाहारात मोडतं. माकुळासारख्या सेपियाची शाई घालून काळी केलेली स्पॅगेटीही त्याच रांगेत. एकाच कारखान्याचा माल एकाच पेटीत आला तरी गोदामात दोन वेगळी स्टिकरं लागतात, आणि ती लावणाऱ्या पोरांना ‘uovo’ म्हणजे अंडं हे कोणीतरी आधी सांगावं लागतं.

कागद पाहून झाले, माल नजरेखालून गेला, की गरजेप्रमाणे नमुना काढतात. त्याचे दोन भाग होतात; एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवतात. अहवालाला पाच दिवस. पास्त्याला या परीक्षेत फारसं भ्यायचं कारण नसतं. 2011 च्या नियमावलीत मॅकरोनी, स्पॅगेटी आणि व्हर्मिसेली, म्हणजे आपली शेवई, एकाच व्याख्येत बसवली आहेत: सुजी किंवा मैदा मळून काढलेला पदार्थ, ओलावा 12.5 टक्क्यांपर्यंत. आजीने खाटेवर वाळत घातलेल्या शेवया आणि नेपल्सजवळची स्पॅगेटी कायद्याच्या लेखी सख्ख्या बहिणी!

इटलीत हे ऐकून कपाळाला हात लावतील. तिथे 1967 च्या कायद्याने सुका पास्ता फक्त ड्युरम गव्हाचाच ठरवला. आपल्याकडचा बन्सी तो हाच. निफाडच्या संशोधन केंद्राने काढलेला ‘गोदावरी’ वाणही ड्युरमच. ओलाव्याची मर्यादा तिथेही 12.5 टक्केच. पण 1988 मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, की शेजारच्या सदस्य देशातून आलेला साध्या गव्हाचा पास्ता इटलीला अडवता येणार नाही. स्वतःच्या कारखान्यांवर हवी ती सक्ती करा. तेव्हा पाकिटावर ‘durum’ शब्द शोधायचा तो आपण. आपला कायदा तो आग्रह धरत नाही.

आता पैसे. बंदरात उतरताना विमा-भाड्यासकट शंभर रुपये किंमत धरा. मूळ सीमाशुल्क 30 टक्के, त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार म्हणजे आणखी तीन. झाले 133. यावर जीएसटी, जो 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला: 6 रुपये 65 पैसे. एकूण 139.65. जीएसटी आयातदाराला पुढच्या विक्रीत वळता करून घेता येतो. ते तेहतीस मात्र गेले ते गेले. गोदाम, स्टिकर, वितरक आणि दुकानदाराचा नफा यानंतर, आणि तुमची स्पॅगेटी त्याच्याही नंतर.

ओट्यावरची गोळा करून मी काल उकळली. दहा मिनिटं लिहिली होती, आठ पुरली.

पुढच्या मंगळवारी तिच्यावर किसायचं चीज. ते जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, आणि तिथे प्रश्न स्टिकरवर भागत नाही.