सखल देशातील सायकल आणि मारियान फॉस

नेदरलँड्समधील स्त्रियांच्या व्यावसायिक सायकल शर्यतींचा विचार शर्यतीपासून नव्हे, तर शाळेच्या रस्त्यापासून सुरू करावा लागतो. पावणेदोन कोटींहून थोड्या अधिक लोकवस्तीच्या या देशात सायकलींची संख्या सुमारे 2 कोटी 30 लाख, म्हणजे माणसांहून जास्त आहे, आणि तिथली मुलगी सायकल शिकते ती खेळाडू होण्यासाठी नव्हे, तर भर पावसात दप्तरासह वेळेवर वर्गात पोहोचण्यासाठी. रोजच्या वापराच्या साध्या डच सायकलीला पुष्कळदा हाताचे ब्रेकही नसतात. पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत मुलांची वाहतूक नियमांची लेखी परीक्षा होते, आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून दाखवण्याची परीक्षाही होते.

ही व्यवस्था त्या देशाला निसर्गाने दिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले. 1971 साली रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती, आणि त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा थेट नावाचे पालकांचे आंदोलन उभे राहिले. 1973 च्या तेलटंचाईत सरकारला काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा रिकाम्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले. पुढील दशकांत रस्त्यालगत स्वतंत्र सायकलमार्गांचे जे जाळे विणले गेले, त्याची लांबी आज 35,000 किलोमीटरच्या आसपास भरते.

मारियान फॉस ही सायकलपटू या जाळ्यातच वाढली. 13 मे 1987 रोजी जन्मलेल्या फॉसचे बालपण नोर्ड-ब्राबांट प्रांतातील बॅबिलोनियनब्रूक या चिमुकल्या गावात गेले. 2006 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती रस्ता शर्यतीची जगज्जेती झाली. त्यानंतर 2007 ते 2011 अशी सलग पाच वर्षे तिला याच स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. विजयांच्या याद्यांपेक्षा ही पाच रौप्यपदके तिच्या कारकिर्दीविषयी अधिक सांगतात, कारण दरवर्षी शेवटच्या क्षणापर्यंत जिंकण्याच्या टप्प्यात राहणे हे एखाद्या सुवर्णपदकापेक्षा दुर्मीळ असते. 2012 साली लंडन ऑलिंपिकची रस्ता शर्यत तिने जिंकली, आणि त्याच वर्षी मायदेशात, फाल्कनबुर्ख येथे, जगज्जेतेपदही परत मिळवले.

तिचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मात्र रस्त्यावरचे नव्हे, ट्रॅकवरचे होते. ट्रॅक म्हणजे वळणांवर चाळीस अंशांहून अधिक कललेली, साधारण 250 मीटर घेराची लाकडी धावपट्टी. तिथल्या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर एकच असतो आणि मागच्या चाकाला फ्रीव्हील नसल्यामुळे चाक फिरत असेतो पाय थांबवता येत नाहीत. 2008 साली बीजिंगमध्ये फॉसने जिंकलेल्या ‘पॉइंट्स रेस’मध्ये, म्हणजे गुणांच्या शर्यतीत, 25 किलोमीटरांत शंभर फेऱ्या होत्या, दर दहा फेऱ्यांनी पहिल्या चौघींना अनुक्रमे 5, 3, 2 आणि 1 गुण मिळत, आणि सगळ्या घोळक्याला एका फेरीने मागे टाकणारीला एकदम 20 गुण. फॉसने तीच फेरी साधली. अंतिम रेषा कोणी आधी ओलांडली याला या प्रकारात फारसे महत्त्व नसते. दमल्या पायांनी तोंडी हिशेब चुकू न देणारी जिंकते.

रस्त्यावर या हिशेबाची जागा वारा घेतो. उत्तर समुद्रावरून येणारा वारा अडवायला या देशात डोंगर नाही. मुख्य भूमीवरील सर्वांत उंच जागा 322 मीटरची आहे. बांधावरच्या उघड्या रस्त्यावर वारा बाजूने लागला की सायकलपटू एकीच्या मागे एक राहत नाहीत, तर एकमेकींच्या आडोशाला तिरप्या ओळीत पसरतात. या रचनेला डच भाषेत ‘वायर’ म्हणतात, म्हणजे पंखा; विजेच्या वायरीशी त्याचा संबंध नाही. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो, आणि जिला ओळीत जागा मिळत नाही ती रस्त्याच्या काठावर, डांबर आणि गवत यांच्या फटीत, एकटी वारा झेलत राहते व काही मिनिटांत मागे पडते.

मात्र या देशातही स्त्रियांना या खेळावर पोट भरणे अलीकडेच शक्य झाले. ‘टूर द फ्रान्स’ या पुरुषांच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत स्त्रियांनाही स्थान हवे, अशी मागणी फॉसने 2013 साली आणखी तिघी खेळाडूंसह केली, तिच्यामागे सुमारे एक लाख सह्या उभ्या राहिल्या, आणि 2014 साली पॅरिसमध्ये एका दिवसाची शर्यत मिळाली, जी फॉसनेच जिंकली. अनेक टप्प्यांची स्त्रियांची टूर 2022 साली परतली. तिच्या विजेतीला 50,000 युरो मिळाले, तर पुरुष विजेत्याला त्याच वर्षी 5 लाख. अव्वल श्रेणीच्या महिला संघांसाठी किमान वेतन 2020 साली प्रथमच ठरले, तेही वर्षाला 15,000 युरो. 2023 पर्यंत ते 32,102 युरोंवर गेले. त्याखालच्या श्रेणीत असे बंधन नसलेले संघ आजही आहेत, आणि तिथे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून शर्यती खेळल्या जातात, ही गोष्ट डच यशाच्या कौतुकात सहसा झाकली जाते.

नंदुरबार जिल्ह्याच्या वाचकाला यातील बराच भाग ओळखीचा वाटेल. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात, म्हणजे शाळेचा रस्ता आणि सायकल ही डच पायरी इथेही आहे. चढाची तर उणीव नाहीच: शहाद्याहून तोरणमाळकडे जाणारा घाट माणसाला 1,100 मीटरांहून अधिक उंचीवर नेतो, आणि असा चढ गाठायला डच मुलींना देशाची सीमा ओलांडून आल्प्ससारख्या पर्वतांत जावे लागते. उणीव आहे ती मधल्या पायरीची. नेदरलँड्समध्ये गावोगावचे सायकल क्लब मुलांना शर्यतीची सायकल वापरायला देतात, आठवड्याला सराव घेतात आणि उन्हाळ्यात गावातल्याच रस्त्यांवर फेऱ्यांच्या शर्यती भरवतात. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीची परीक्षा घरापासून हाकेच्या अंतरावर होते. महाराष्ट्रात हा टप्पा बहुतेक उडी मारून ओलांडावा लागतो. भंडारा जिल्ह्यातील सुशिकला आगाशे आणि महाराष्ट्राचीच मयुरी लुटे या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत लंडनच्या ट्रॅकवर भारताकडून उतरल्या, पण भारतातला 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला बंदिस्त लाकडी ट्रॅक दिल्लीत आहे, भंडाऱ्यापासून हजार किलोमीटरवर. नंदुरबारहून तो काही फार जवळ नाही. फॉसच्या प्रांतापासून आपेलडोर्नचा बंदिस्त ट्रॅक मोटारीने साधारण तासाभराच्या वाटेवर आहे, आणि 2011 साली तिने ‘स्क्रॅच’ या ट्रॅक प्रकारातले, म्हणजे गुणांविना थेट अंतिम रेषेवर ठरणाऱ्या शर्यतीतले, जगज्जेतेपद तिथेच मिळवले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या रस्ता शर्यतीत ती दुसरी आली, तेव्हा तिचे वय सदतीस होते.