गुरांच्या डॉक्टरचा बायोडाटा

सांताक्रूझच्या एखाद्या सोसायटीत बारावीतली मुलगी ‘मला व्हेटर्नरीला जायचंय’ म्हणाली, की शेजारपाजारचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे गुरांची डॉक्टर? अगं, पण इथे गुरं आहेत कुठे?’ प्रश्न अगदीच वावगा नाही. पण त्याचे उत्तर लोकलच्या अंतरावर आहे. दादरला गाडी बदलली की परळ. तिथे 1886 साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला लागूनच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय. उलट दिशेला, गोरेगावला, आरे कॉलनी. मुंबईतले तबेले शहराबाहेर न्यावेत म्हणून 1949 साली ती वसवण्यास सुरुवात झाली.

इथला खरा पेच वेगळाच आहे. अमेरिकेत पशुवैद्यकाच्या अर्जातच विचारतात की प्राण्यांमध्ये तुम्ही किती तास काम केले, आणि त्यातले डॉक्टरच्या हाताखाली किती? आपल्याकडे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर. अर्जात कुत्र्याचा कान कोणी साफ केला होता का, हे कोणी विचारत नाही. साडेपाच वर्षे अभ्यासात जातात, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. मग नोकरीच्या मुलाखतीत एकदम विचारणा होते, ‘काय काय केलंय?’ तोवर कोऱ्या राहिलेल्या बायोडाट्यावर मग विशेषणे येतात. मेहनती, जिद्दी, प्राण्यांची आवड.

‘प्राण्यांची आवड’ हे वाक्य तर खोडूनच टाकावे. ती नसलेला उमेदवार तिथवर येतो कशाला?

त्याऐवजी आकडे आणि भूमिका लिहाव्यात. ‘शस्त्रक्रियेचा अनुभव’ असे मोघम न लिहिता ‘भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रात दोन महिने, 40 शस्त्रक्रियांत सहायक, 12 देखरेखीखाली स्वतः’ असे लिहिले, की समोरचा डॉक्टर मान वर करून पाहतो. आणि पुढचा प्रश्न त्याच ओळीवर विचारतो. त्यामुळे आकडा फुगवू नये. भूल कोणती दिली होती, इथपर्यंत चौकशी जाते.

मुंबईच्या पदवीधराची एक दुखरी बाजू असते. कुत्री-मांजरी भरपूर पाहिलेली, म्हशीच्या गर्भतपासणीला मात्र हात कमी वेळा लागलेला. परभणी, उदगीर किंवा शिरवळच्या महाविद्यालयातल्या मुलांचे पुष्कळदा याच्या उलट. दुग्धसंस्थेत जायचे असेल तर कृत्रिम रेतन, अडलेली वीण, कासदाह यांचा अनुभव विचारला जाणारच. म्हणून सुट्टीत एखाद्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिनाभर राहावे. बायोडाट्यात त्याची एकच ओळ होईल, पण मुलाखतीत बोलायला तीच पुरेल. कुक्कुटपालन आणि औषधकंपन्यांची मागणी आणखी निराळी. तिथे शवविच्छेदन, प्रयोगशाळा, नोंदी ठेवण्याची शिस्त पाहतात. एकच बायोडाटा झेरॉक्स करून सगळीकडे पाठवण्यात अर्थ नाही. सरकारी पशुधन विकास अधिकाऱ्याचा रस्ता मात्र लोकसेवा आयोगातून जातो. तिथे आधी आयोगाची पायरी, सुबक कागद नंतर.

बारावीच्या मुलांनी काय करावे? पिंजरे धुवावेत, प्राणी नीट धरायला शिकावे, डॉक्टर काय विचारतात ते ऐकावे. इंजेक्शनला हात लावू नये. 1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच काम आहे. पालकांनी एक गोष्ट आधीच पाहावी. कुत्र्या-मांजरांत रोज वावर होणार असेल, तर डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस चावा होण्याआधीच घेता येते. साबण-पाण्याने जखम धुण्याची सवयही तेव्हापासूनच लागावी. चावा झालाच, तर लस घेतलेली असली तरी डॉक्टरकडे जावेच लागते.

आणि एक दोनशे पानी वही घ्यावी. तारीख, जनावर, तक्रार, आपण काय केले, कोणाच्या हाताखाली, एवढेच रोज लिहायचे. मालकाचे नाव-पत्ता लिहू नये. पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाली, की तो क्रमांक बायोडाट्याच्या डोक्यावर, नावाखालीच घालावा; तो नसेल तर दवाखानेवाले पुढचे वाचत नाहीत. शेवटी ज्यांचा हवाला द्यायचा, त्यांना आधी फोन करून विचारावे. साहेबांना तुमचा चेहराच आठवत नसेल तर ते नाव न घातलेले बरे.